मेंढरं बसली होती तिथं

“खुटबाव,” आई म्हणाली, आणि माझ्या हातातला चहाचा कप एकदम जड झाला. प्रश्न साधा होता. आजी, तुमचा जन्म कुठला? विचारणारी अंजना मॅडम आमच्या शिरूरच्याच एका शाळेत शिकवते. मतदारयादीच्या तपासणीचं काम गळ्यात पडल्यापासून जिने चढून चढून गुडघ्यांनी संप पुकारलाय, असं ती आल्याआल्या हसत म्हणाली होती. माझ्या बायकोनं, सुषमानं, तिच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली होती. जेवण झालं का विचारावं इतक्या सहजपणे मॅडमनं जन्मगाव विचारलं, आईनं तितक्याच सहजपणे सांगितलं, तिनं टिपून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवायला निघून गेली. घडलं ते एवढंच. पण माझी आई, कुशाबाई, खुटबावात जन्मलेली नाही. खुटबाव हे दौंड तालुक्यातलं गाव. माझ्या वडिलांनी मेंढरं विकून तिथं रान घेतलं आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदाच दगडाची भिंत उभी केली. मी तिथं वाढलो. आईचा जन्म कुठला, हे तर मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. जिथं मेंढरं बसली होती तिथं.

हे उत्तर कळणारी माणसं आता थोडी राहिलीत. माझ्या आजोबांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, बायकापोरं असं सगळं चालतं बिऱ्हाड, कोकणातून परतताना भीमेच्या काठाकाठानं यायचा. ज्वारी निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घ्यायचे. रात्रभर लेंड्या पडायच्या, रानाला खत व्हायचं, वाड्याला धान्य मिळायचं, आणि एकदोन रात्री काढून बिऱ्हाड पुढच्या रानाला लागायचं. अशाच एका रानात आजीला कळा आल्या. देशाची घटना लागू झाली त्याच्या पुढच्याच सालची गोष्ट. त्यानंतर पाच दिवस मात्र वाडा हलला नाही. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण आमच्या लोकांना त्यात एक जास्तीची काळजी असायची. मधेच वाडा उठला तर सटवाईला बाळ सापडणार कसं? ती बिचारी जुन्या रानात शोधत बसायची आणि पोर बिनलिहिलेलं राहायचं. म्हणून पाचवी होईपर्यंत मेंढरं तिथंच थांबायची. शेतकऱ्याच्या बायकोनं पूजेला कोरा कागद दिला, कारण वाड्यात कागद कुठला! आणि तितक्या रात्री एकाच पट्ट्यात मेंढरं बसल्यामुळं पुढच्या साली तिथली ज्वारी अशी तरारली की म्हणे आत शिरलेला माणूस बाहेरून दिसायचा नाही. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं नेहमी तीच ज्वारी यायची, आणि तिच्यात उभं कुणीतरी, पाठमोरं. गाव मात्र दर वेळी वेगळं असायचं. कधी मांडवगण फराटा, कधी नदीपलीकडचं, कधी नुसतंच ‘भीमेच्या अंगाला’. मी विचारायचो, आई, नक्की कुठलं? ती म्हणायची, “नदी एकच व्हती की.”

मॅडम गेल्यावर आई बाल्कनीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मग आत न बघताच म्हणाली, “शंभू, अवंदा मी मत द्याया यायची न्हाई.”

“का गं?”

“सरकारच्या कागदावर खोटं सांगितलं. आता त्याच तोंडानं मत कसं देऊ?”

“मग खरं का नाही सांगितलंस?”

“तिचं पेन थांबलं व्हतं माझ्या तोंडाकडं बघत. खरं सांगितलं आसतं तर म्हनली आसती, आजी, ह्ये कुठलं गाव? टीव्हीत सांगत्यात न्हवं, कुठं कुठं नावं कापली म्हून. भ्या वाटलं मला.”

मी हसून सोडून द्यायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसांचे रुसवे दोन जेवणांत उतरतात. पण आईचं आणि मतदानाचं काय आहे ते मला माहीत होतं. मतदानाच्या दिवशी ती उठून आधी न्हाते, ठेवणीतलं लुगडं काढते, कपाळाला भंडारा लावते आणि मत दिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. आम्ही तिची पुष्कळ चेष्टा करतो. सुषमा म्हणते, आत्या, उमेदवारालासुद्धा एवढा उपास नसतो. पण तिच्या तरुणपणी वाडा कायम वाटेवर, त्यामुळं मतदान कधी आलं आणि कधी गेलं ते मेंढरांनाच ठाऊक. खुटबावात स्थिरावल्यावर तिनं पहिल्यांदा मत दिलं. मी तेव्हा लहान होतो, तिच्या पदराला धरून शाळेपर्यंत गेलो होतो. बाहेर येऊन तिनं बोटावरची शाई उन्हात धरली. आमच्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा असायचा, दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी ओळखू यावीत म्हणून. ती म्हणाली, “आता हरवले तरी कळंल, कुणाच्या कळपातली त्ये.” शाई पुसट होईपर्यंत ती त्या बोटानं भाकरी थापायची नाही. पीठ थापताना ते एक बोट वर राहायचं आणि भाकरी एका बाजूला जाड व्हायची. ती जाड बाजू मला मिळायची. आणि आता तीच बाई मत द्यायला येणार नाही म्हणत होती, आणि नगरपरिषदेचं मतदान तोंडावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला रांजणगावला कारखान्यात गेलो. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसतो आणि डोळे मिटतो. झोप लागत नाही, पण डोळे मिटलेले असले की कुणी बोलायला येत नाही. त्या दिवशी मिटल्या डोळ्यांआड लोकरीचा वास आला. ओल्या लोकरीचा, थोडा कडवट, घोंगडं डोक्यावरून घेतल्यावर येतो तो. मी डोळे उघडले तर शेजारी ओडिशाचा एक पोरगा मोबाइलवर बायकोशी बोलत होता आणि बसमध्ये डिझेलशिवाय कसलाच वास नव्हता. माझं काम तपासणीचं. पार्ट येतो, मी त्याच्या भोकाला गेज, म्हणजे मापाची कांडी, लावतो. गेज आत गेला तर पार्ट पास, नाही गेला तर लाल डब्यात. पार्ट कुठं ओतला, कुणी घासला, त्याला काय वाटतं, हे गेज विचारत नाही. इतकी वर्षं मला या कामाचा कंटाळा आला नाही, उलट एक प्रकारची शांतताच वाटत आली. त्या दिवशी मात्र पट्ट्यावरून एकामागून एक पार्ट येत राहिले, डोकं खाली घालून, एकमेकांना लागून, आणि मला वाटलं की हे आता सरणार नाहीत, कोकणापासून भीमेपर्यंत अशीच रांग असणार, आणि कधीतरी या रांगेतून आई येईल आणि मला गेज लावावा लागेल. “शंभूसेठ, सो गये क्या?” असं तो ओडिशाचा पोरगा म्हणाला तेव्हा लाइन थांबली होती. मी हात धुऊन आलो आणि पुन्हा उभा राहिलो.

घरी यावं तर तिथं घटना चालू असायची. माझी मुलगी अंकिता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी दौंडला वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, मतदानासाठी लागणारं नागरिकत्व म्हणजे नेमकं काय, हे संविधानातच सविस्तर लिहिलेलं असावं का? चिठ्ठी टाकून तिच्या वाट्याला ‘असावं’ ही बाजू आली होती. ती बाल्कनीत येरझारा घालत हात हलवत बोलायची आणि खालचा वॉचमन वर बघायचा. “कलम तीनशे सव्वीस म्हणतं, मतदार हा भारताचा नागरिक असावा. पण नागरिक कोण, हे घटनेनं सुरुवातीपुरतं सांगितलं आणि पुढचं संसदेवर सोडलं. म्हणजे आज जे बहुमतात आहेत ते एक कायदा करतील, उद्याचे दुसरा करतील. ज्याच्यावर माझं मत उभं आहे, तो दगड रोज कुणीही हलवू शकतो. म्हणून ते घटनेतच लिहा. जिथं सहजी खोडता येणार नाही, तिथं लिहा.” मला तिचं पटायचं. आई भाजी निवडत ऐकायची. तिला किती कळायचं कुणास ठाऊक, पण ‘लिहा’ हा शब्द आला की तिचा हात थांबायचा. पूर्वी अंकिता अभ्यासाला बसली की आई मुद्दाम वाड्याच्या गोष्टी काढायची, घोडीवर बांधलेल्या कोंबड्यांच्या, नदीत वाहून गेलेल्या आणि परत आलेल्या कोकराच्या. मॅडम येऊन गेल्यापासून एकही गोष्ट निघाली नव्हती. अंकितानं एकदा विचारलंसुद्धा, “आज्जी, ते परत आलेलं कोकरू सांग ना.” आई म्हणाली, “त्ये काय खरं हाय व्हय?” तिनं खोटं गाव सांगितलं त्यापेक्षाही ते वाक्य मला जास्त लागलं. एका गावाचं नाव घेतल्याबरोबर तिच्यामागची सगळी नदी आटायला लागली होती.

मी एका सकाळी अंकिताला सरळ विचारलं, की आईनं जन्मगाव चुकीचं सांगितलं तर काय होतं? ती म्हणाली, “बाबा, आज्जी भारतात जन्मली, त्या काळासाठी तेवढं पुरेसं आहे. गाव कुठलं का असेना.” कायद्यात सगळं नेहमी इतकं सोपं असतं. भारतात, हे खरं. पण भारतात कुठं, असं कुणी विचारलं की एक गाव लागतंच. आईकडं गाव नव्हतं, नुसती एक रात्र होती. शिवाय माझी भीती वेगळीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आईनं खरं सांगू नये, असंच मला वाटत होतं. खुटबाव लिहिलं गेलं होतं, ते बसत होतं, गेज आत गेला होता. झालं ते बरं झालं, असं माझ्यातला तपासनीस म्हणत होता आणि तिचा मुलगा गप्प बसला होता.

रविवारी अंकिताच्या हट्टाखातर आईलाही गाडीत घेतलं. न्हावरा मागं टाकून मांडवगण फराट्याच्या बाजूनं नदी ओलांडली तेव्हा आई काचेला कपाळ टेकून बसली होती. दोन्ही बाजूंना ऊस. उसात काहीच दिसत नाही, नुसतं हिरवं सरकत राहतं, आणि बघता बघता आपण सरकतोय की ते, कळेनासं होतं. दौंडच्या त्या हॉलमध्ये अंकिता छान बोलली. तिच्यानंतर स्वराज नावाचा, तिच्यापेक्षा थोडा लहान वाटणारा मुलगा उठला आणि म्हणाला, “नागरिक हा शब्द घटनेत आहे, तेवढा बास आहे. माणसं हजार तऱ्हेनं जन्मतात आणि हजार तऱ्हेनं जगतात. दगडावर व्याख्या कोरली की तिच्यात न बसणारी माणसं दगडाबाहेर राहतात, आणि मग त्यांना आत घ्यायला दगड फोडावा लागतो.” मला त्याचंही पटलं. हे माझं कायमचं दुखणं आहे. अंकिताचं ऐकताना वाटत होतं, लिहा, नाहीतर कुणीही पुसेल. त्याचं ऐकताना वाटलं, नका लिहू, नाहीतर आई कुठं मावेल? शेजारी आई दोन्ही वेळा टाळ्या वाजवत होती. बक्षीस तिसऱ्याच कुणाला मिळालं.

परतीच्या वाटेवर, नदी ओलांडून मांडवगणच्या शिवारात शिरलो, तर पुढं उसाची ट्रॉली आडवी झालेली. चाक निखळलं होतं, मोळ्या रस्त्यावर पसरल्या होत्या, मागंपुढं गाड्या अडकल्या होत्या. आम्ही उतरून बांधावरच्या सावलीला उभे राहिलो. ऊस ज्यांचा होता ते मच्छिंद्र आप्पा, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, ड्रायव्हरला मनसोक्त शिव्या देऊन झाल्यावर आमच्याकडं आले. सावली त्यांचीच होती.

“पाव्हणं कुठलं?”

“शिरूरला असतो. मूळ खुटबाव,” मी म्हणालो. आईनं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

अंकिताच्या हातातली फाइल बघून आप्पांनी कशाची ते विचारलं, आणि विषय कळल्यावर ते एकदम खुलले. “लिवायाच पायजे! आवो, रांजणगावला बघा जाऊन. कुठनं कुठनं येत्यात, खोल्या घेत्यात, आन् दोन वर्सांत मतं बी हितंच. घटनेतच ठोकून लिवा, कोन हितला आन् कोन न्हाई.”

“आजोबा, लिहिलंय ना. नागरिक असं लिहिलंय,” अंकिता म्हणाली.

“नागरिक न्हवं गं पोरी. हितला. म्हंजी ज्याची नाळ हितं पुरलीया, असा.”

तेवढ्यात मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आप्पा वळून गड्याला ओरडले, “आरं, गाड्या तिकडनं काढून दे! बाळंतिणीतनं काढ! तिथला ऊस गेलाय, रान मोकळं हाय.”

“बाळंतिणीतून?” अंकिता हसली.

“शेताचं नाव हाय त्ये. त्यो नदीकडचा पट्टा. माझ्या आज्जीनं ठेवल्यालं नाव. कवाच्या काळी कुनी धनगरीन बाळंत झाली व्हती तिथं. पाचवी झाल्याबिगर वाडा उठंना. आज्जीनंच कागद दिला म्हनं पूजेला. मेंढरं बसून बसून रानाला आसं खत झालं की पुढल्या साली ज्वारीत मानूस गेलेला दिसंना. तवापासनं बाळंतीण. आमच्या पोरास्नी बी आता ठावं न्हाई, का म्हंत्यात त्ये.”

मी आईकडं बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. मोकळ्या रानातून गाड्या एकामागून एक निघाल्या होत्या, धूळ उडत होती, आणि त्या धुळीत मला ती उंच ज्वारी दिसली, खरोखर दिसली, आणि तिच्यात पाठमोरं उभं असलेलं माणूस आता वळेल असं वाटलं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीला पत्ता असतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आम्ही आयुष्यभर म्हणत आलो की आईच्या जन्माच्या जमिनीचं नाव आमच्याकडं नाही. आणि इथं एका जमिनीनं आमच्या बाईचं नाव घेतलं होतं, आणि ते घेऊन पिढ्यान्‌पिढ्या नांगर खात पडली होती. पण आई बोलेल का? बोलली तर खुटबाव खोटं ठरत होतं. बोलू नकोस, असं मला मनापासून वाटलं, आणि बोल, असंही तितक्याच मनापासून वाटलं.

आई बांधावरून खाली उतरली. चपला काढल्या. मोकळ्या रानात चारसहा पावलं जाऊन थांबली आणि आप्पांकडं वळली.

“ती बाळंतीण माझी आई,” ती म्हणाली. “आन् त्यो कागद माझ्या पाचवीचा.”

आप्पांनी टोपी काढली, उगाच झटकली आणि परत घातली. मघाचं त्यांचंच बोलणं त्यांना आठवलं असावं, कारण ते दुसरीकडं बघत म्हणाले, “मग तुमी हितल्याच की. माझ्या बी आधीच्या.” हे कबूल करताना त्यांना थोडा त्रास झाला, तो दिसला. मग त्यांनी उसाचं एक टिपरं मोडलं, गुडघ्यावर दोन तुकडे केले आणि जाडसर तुकडा आईच्या हातात दिला. आईला दात नाहीत. तिनं तो शिरूरपर्यंत मांडीवर आडवा धरून ठेवला.

गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली, “शंभू, उद्या त्या मॅडमला बोलीव.”

“आई, राहू दे ना खुटबाव. लिहिलंय ते बरं आहे. कशाला उकरून काढायचं?”

“खुटबाव तुझ्या बापाचं रं. मत माझं हाय.”

थोड्या वेळानं मागच्या सीटवरून अंकितानं आज्जीला विचारलं, ते वाहून गेलेलं कोकरू परत कसं आलं, आणि न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत ते कोकरू भीमेतून पोहत राहिलं.

अंजना मॅडम आली ती पुन्हा गुडघ्यांची तक्रार करतच. सुषमानं चहा ठेवला. मी कामावर रजा टाकली होती आणि मागच्या वेळसारखाच सोफ्याच्या कोपऱ्यात बसलो होतो. आईनं भंडारा लावला होता, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मॅडम म्हणाली, “बोला आजी, काय दुरुस्त करायचंय?”

“मी खोटं सांगितलं व्हतं, बाई. माझा जन्म मांडवगण फराट्याच्या शिवारातला. नदीकडच्या रानात, बाळंतिणीत. जिथं मेंढरं बसली व्हती तिथं.”

मॅडमचं पेन थांबलं. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा कागदाकडं. “आजी, एवढं सगळं ह्या रकान्यात...” असं म्हणून ती थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. चहाला उकळी आली होती. मला ओल्या लोकरीचा वास आला, आणि या वेळी मी डोळे मिटले नाहीत. आई जागची हलली नाही. पाचवीच्या रात्री वाडा थांबायचा तशी ती पेनासमोर थांबून राहिली.

“लिवा,” ती म्हणाली. “मी हितंच हाय.”